डबा, झेंडा की बाण? स्काऊट पथकाच्या सहलीत काय खेळावं

सहलीची तारीख ठरते, बस ठरते, डब्यात पुलाव की पुरीभाजी हेही ठरतं. तिथे पोचल्यावर तीस-बत्तीस मुलं दिवसभर काय करणार, हे मात्र आदल्या रात्रीपर्यंत राहून जातं. अशा वेळी हल्ली एखादे तरुण सर जिओकॅशिंग सुचवतात. सूचना चांगली आहे, पण ओरिएंटियरिंग (नकाशा-होकायंत्राने टप्पे गाठायचा खेळ) आणि जुना ‘खुणांचा माग’ (वाटेवर ठेवलेल्या खुणा ओळखत जायचं) यांच्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे तसाच ठेवायचा. नागरी जीपीएसवर जागा नेमकी कळू नये म्हणून अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. अमेरिकेतल्या स्काऊटांना २०१० पासून यासाठी मेरिट बॅजही (कौशल्याचा बिल्ला) आहे.

तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे सार्वजनिक डबे विरळ. शिवाय ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे मुलं प्रत्येक स्टेशनावर ऐकतात. बागेतल्या बाकाखाली चिकटपट्टी लावलेला डबा चाचपणारी दहा पोरं पाहून रखवालदार शिट्टी फुंकणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गड-किल्ल्यांवर तर लपवूच नका. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि डबा खुपसायला एक दगड सरकला की पुढचा येणारा दोन सरकवतो. सह्याद्रीतल्या कपारीत न बघता हात घातला तर फुरसं किंवा विंचूही भेटेल. म्हणून परवानगी घेतलेलं आवार, आपलेच डबे, तेही डोळ्यांच्या उंचीवर फांदीला टांगलेले, आणि संध्याकाळी मोजून परत. वहीसोबत पेन्सिल ठेवा. ओल्या कागदावर पेन उमटत नाही.

ओरिएंटियरिंगचं नातं स्काऊटिंगशी जुनं आहे. स्टॉकहोमजवळ १९१९ मध्ये त्याची मोठी स्पर्धा भरवणारे अर्न्स्ट किलँडर स्वतः स्काऊट नेते होते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन नारिंगी-पांढऱ्या झेंड्यांचे टप्पे ठरलेल्या क्रमाने गाठायचे. झेंडा उघड्यावर असतो, त्यामुळे चाचपाचाचपी नाही. अडचण नकाशाची. १:५०,००० च्या सर्वेक्षण नकाशावर शाळेचं अख्खं मैदान टिंबाएवढं दिसतं! मग पावलं मोजून स्वतःच नकाशा काढावा लागतो, त्यात एक रविवार जातो. माझ्या मते तो रविवार सहलीइतकाच कामाचा आहे, कारण बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, काय असतो हे मुलांना तिथेच कळतं.

खुणांच्या मागाला खर्च शून्य. दगडांचा बाण, काटक्यांची फुली, शेवटी वर्तुळात ठिपका, म्हणजे ‘मी घरी गेलो’. केनियात न्येरी इथे स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. हे सांगितलं की दंगेखोर मुलंही क्षणभर गप्प होतात. खोट एकच: पहिल्या संघाच्या पायांनी खुणा विस्कटतात आणि मागच्यांना आयती पायवाट मिळते. दोन-तीन संघांपलीकडे हा खेळ चालत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने डबा सर्वांत कमकुवत वाटतो. मोबाईलवरचा बाण दाखवील तिकडे चालायचं, त्यात कौशल्य ते काय? शोधणाऱ्यांपुरतं हे खरंही आहे, पण लपवणाऱ्यांचं तसं नाही. एका संघाने डबा लपवून अक्षांश-रेखांश टिपायचे, दुसऱ्याने शोधायचे, असं केलं की मुलं भांडतभांडत भूगोल शिकतात. आमच्या एका संघनायकाने १८ अंश ३०.५ मिनिटं हे १८.३०५ अंश असं लिहून दिलं. डबा समोरच्या आंब्यावर होता आणि मोबाईल बावीस किलोमीटर दक्षिणेला बोलावत होता. मिनिटांना साठाने भागायचं, हे त्या पथकात आता कुणाला पुन्हा सांगावं लागत नाही.

मोकळ्या आभाळाखाली मोबाईल चार-पाच मीटरपर्यंत अचूक नेतो, दाट झाडीत किंवा कड्याखाली भरकटतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ॲपमधल्या नकाशाला लागतं. तो घरूनच उतरवून घ्या. संघाला एकच मोबाईल द्या, तोही शिक्षकांचा. प्रत्येकाच्या हातात दिलात तर अर्ध्या तासात अर्धी मुलं सेल्फीत.

माझी निवड विचाराल तर पाचवी-सहावीच्या पथकाला खुणांचा माग पुरे. होकायंत्र आधीच हाताळलेलं असेल तर आठवी-नववीला डबे द्या. मधल्यांना, आणि नकाशा काढायला एक रविवार देणारे सर असतील तर सगळ्यांनाच, ओरिएंटियरिंग. एकाच दिवसात तिन्ही मात्र कोंबू नका. जेवणानंतर उन्हात मुलं चालत नाहीत, आणि परतताना मोजणीत लपवलेला एक डबा कमी भरला की बस तासभर थांबते.