जिवंत फायटोची बाटली: घरच्या रीफ टँकसाठी घेण्याजोगी, पण प्रवाळांसाठी नव्हे

घरी समुद्री पाण्याची, प्रवाळांची टाकी (रीफ टँक) पाळणाऱ्यांमध्ये सध्या जिवंत फायटोप्लँक्टनच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकाच्या (थोडक्यात ‘फायटो’च्या), बाटल्यांची चलती आहे. त्यांपैकी एका छोट्या घरगुती उत्पादकाकडून कुरिअरने येणारी अर्ध्या लिटरची बाटली मी बऱ्याच काळापासून वापरत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातील बहुतेक भाग अशा कोणत्याही बाटलीला लागू पडेल. माझे मत आधीच सांगतो: माल चांगला आहे, लेबल मात्र वाजवीपेक्षा जास्त बोलते.

लेबलावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘कोरल फूड’ असे छापलेले आहे, आणि नेमका तोच दावा सर्वांत कच्चा आहे. आपण पाळतो त्या बहुतेक प्रवाळांना त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या जोरावर अन्न पुरवतात, आणि त्याशिवाय जे पकडून खायचे ते मुख्यतः प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, असते. याला अपवाद आहेत. तांबड्या समुद्रातील डेंड्रोनेफ्थिया हे मऊ प्रवाळ प्रामुख्याने वनस्पतिप्लवकावरच पोसले जाते, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. पण ते घरच्या टाकीत टिकवणे भल्याभल्यांना जमत नाही. माझ्या दोनशे लिटरच्या टाकीत लेदर कोरल (मऊ प्रवाळ) आणि झोआंथिड (प्रवाळांचे नातेवाईक) आहेत, आणि फायटो सुरू केल्यामुळे त्यांच्यात काही फरक पडला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. (दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश आहे, तरीही ते आपल्याकडे बिनदिक्कत विकले जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मग बाटलीचा उपयोग कोणाला? पहिला मान कोपेपॉडांचा (थोडक्यात ‘पॉड’). टाकीच्या काचेवर आणि सम्पमधील (टाकीखालच्या जोडटाकीतील) शैवालाच्या गुंत्यात फिरणारे हे कणभर जीव फायटो खातात, त्यांची प्रजा वाढते आणि मासे त्यांना खातात. मँडरिनसारखा दिवसभर पॉड टिपत फिरणारा मासा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे. त्यानंतर पाणी गाळून जगणारे जीव येतात: स्पंज, शिंपले, खडकाबरोबर आलेले ट्युनिकेट (पिशवीसारखे प्राणी) आणि फेदर डस्टर (नळीत राहणारे, पिसारा असलेले कृमी). डोस दिल्यावर भिंग घेऊन फेदर डस्टरच्या पिसाऱ्याकडे पाहिले, तर प्रत्येक पिसावरून कण मध्यभागी सरकत जाताना दिसतात आणि काही वेळाने पिसाऱ्यातून विष्ठेची बारीक गोळी बाहेर फेकली जाते. खाल्ले जात असल्याचा याहून चांगला पुरावा घरबसल्या मिळणार नाही.

या बाटलीची जमेची बाजू म्हणजे तिच्यात एकाऐवजी तीन जाती आहेत. स्वस्त बाटल्यांत बहुधा फक्त नॅनोक्लोरोप्सिस असते. दोन-तीन मायक्रॉनची ही पेशी वाढवायला सोपी, काटक आणि ईपीए या मेदाम्लाने समृद्ध असते. मात्र तिची भिंत चिवट असते आणि तिच्यात डीएचए हे दुसरे मेदाम्ल जवळजवळ नसतेच. ती उणीव पाच मायक्रॉनच्या आसपासची, सोनेरी तपकिरी आयसोक्रायसिस भरून काढते. तिसरी टेट्रासेल्मिस, दहा मायक्रॉनच्या वर जाणारी आणि चाबकासारख्या चार कशाभिकांनी पोहणारी. खाणाऱ्यांच्या तोंडांचे आकार वेगवेगळे असल्याने कणही वेगवेगळ्या आकारांचे असणे हिताचे ठरते.

टेट्रासेल्मिसचा आणखी एक फायदा असा, की बाटली जिवंत आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाशिवायही कळते. थोडे फायटो पारदर्शक पेल्यात ओतून अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च लावून ठेवावा. पेशी जिवंत असतील तर काही वेळाने उजेडाच्या बाजूला हिरवी झाक दाट झालेली दिसते. वासही तितकाच बोलका असतो. ताज्या बाटलीला समुद्राचा आणि ओल्या गवताचा वास येतो, मेलेल्या बाटलीला सडक्या अंड्यांचा. तळाशी गाळ बसणे हा दोष नव्हे. हलक्या हाताने हलवल्यावर तो पाण्यात एकसारखा मिसळला पाहिजे. गुठळ्या तशाच राहिल्या तर ती बाटली टाकीत ओतू नये.

‘नायट्रेट आणि फॉस्फेट कमी करते’ या लेबलावरील दुसऱ्या दाव्याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. सुचवलेला डोस शंभर लिटरला दहा मिलिलिटर आहे. दाट कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या शैवालाच्या पाण्यात, लिटरला एक ग्रॅम कोरडे वजन धरले, तर दहा मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम शैवाल येते. त्यात सात टक्के नायट्रोजन मानला आणि तो सगळाच्या सगळा पाण्यात सुटला असे समजले, तरी शंभर लिटरमध्ये नायट्रेट लिटरमागे सुमारे ०.०३ मिलिग्रॅमने वाढेल. घरगुती टेस्ट किटला हा फरक दिसणारच नाही. फायटो वाढवण्यासाठी वापरतात त्या एफ-बाय-टू खताचा उरलासुरला अंश तर याहूनही नगण्य असतो. एवढ्याशा पेशी पाण्यातून शोषून घेतील तो नायट्रेटही त्याच मापाचा असणार. तेव्हा एका डोसाने टाकी बिघडेल ही भीती जशी अनाठायी, तशीच ती स्वच्छ होईल ही आशाही. घट्ट पेस्टचे किंवा गाळून दाट केलेल्या द्रवाचे गणित मात्र वेगळे आहे. त्यात पेशी कित्येक पटींनी जास्त असतात, आणि तोच दहा मिलिलिटरचा हात तिथे चालवला तर महिनाभरात शैवालाचा थर काचेवर दिसू लागेल.

बाहेरून येणाऱ्या, टिकवून ठेवलेल्या फायटोच्या बाटल्याही मी वापरल्या आहेत. त्यांतल्या पेशी मेलेल्या असतात, पण म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. फेदर डस्टर त्याही खातात. फरक पडतो तो न खाल्लेल्या भागाचा. जिवंत पेशी कोणी तरी खाईपर्यंत पाण्यात तगून राहू शकते, मेलेली लगेच कुजायला लागते. कोपेपॉड वेगळ्या बरणीत वाढवणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो, कारण तिथे पाणी थोडे असते आणि मेलेल्या फायटोने ते पाहता पाहता नासते.

तक्रार आहे ती पॅकिंगची. थंडीत बाटली उत्तम स्थितीत येते, पण मे महिन्यात मागवलेली बाटली आइस जेलशिवाय साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आली आणि झाकण उघडताच प्रकार लक्षात आला. उत्पादकाने वाद न घालता दुसरी पाठवली, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण बाटलीवर ‘बेस्ट बिफोर’ आहे आणि कल्चर काढल्याची तारीख नाही, ही उणीव भरपाईने भागणारी नाही. फ्रिजमध्ये, सुमारे चार अंशांवर, रोज एकदा हलवून ठेवलेले फायटो काही आठवडे चांगले राहते, परंतु ते आठवडे कुठून मोजायचे हे ग्राहकाला कळले पाहिजे. कुरिअरचा खर्चही जवळपास बाटलीच्या किमतीला जाऊन भिडतो, म्हणून शहरातल्या दोन-तीन जणांनी मिळून मागवणे परवडते.

वापरताना प्रोटीन स्किमर (फेसाने पाण्यातली घाण काढणारे यंत्र) दोन-तीन तास बंद ठेवावा आणि यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) असेल तर तोही, नाहीतर विकत घेतलेले अन्न थेट स्किमरच्या कपात जाते. वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) चालूच राहू द्यावा. मी सुचवलेल्या डोसाच्या निम्म्याने सुरुवात केली आणि दिवे मालवल्यावर डोस देतो, कारण पॉड रात्री अधिक बाहेर पडतात. पाण्याला आलेली हिरवट झाक सकाळपर्यंत गेली नाही, तर टाकीत खाणारे कमी आहेत असे समजून डोस आणखी घटवावा.

ज्यांच्या टाकीत फक्त मासे आणि दोन-चार लेदर कोरल आहेत, त्यांनी हे पैसे टाकीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या चांगल्या सागरी मिठावर खर्च करावेत. फेदर डस्टर, शिंपले किंवा मँडरिन असेल तर ही बाटली जरूर घ्यावी, मात्र ऑर्डर देण्यापूर्वी कल्चर कोणत्या तारखेला काढले आणि खोक्यात आइस जेल असेल का, हे दोन्ही फोनवर विचारून घ्यावे. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा तारखेसाठी राखून ठेवला आहे.