पाठीचा पट्टा, १,५४,९०० रुपये आणि झोपवून काढलेला एक्स-रे

ज्यांच्या मुलामुलींना स्कोलिओसिस आहे, म्हणजे कण्याला बाजूला बाक आहे, त्यांनी हे वाचाच. पुण्यातल्या एका ‘पोश्चर सेंटर’ने आमच्याकडून १,५४,९०० रुपये उकळले. पैसे गेले ते गेलेच, पण त्यांनी माझ्या लेकीच्या वाढीचे महिने खाल्ले. ते परत मिळवून देणारं कार्यालय कुठेच नाही.

लेक बारा वर्षांची. गॅदरिंगचा ड्रेस शिवताना टेलरकाकूंनी सांगितलं की हिचा उजवा खांदा वर आहे, माप जुळत नाही. साताऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला पुढे वाकवून पाठ बघितली आणि उभं करून एक्स-रे काढला. कॉब अँगल, म्हणजे बाकाचं माप, २७ अंश. रिसर, म्हणजे हाडांची वाढ किती झाली त्याचा आकडा, शून्य. ‘वाढ अजून बरीच बाकी आहे, बाक २५ च्या वर आहे, मापाने बनवलेला ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचं कडक कवच, लागेल, दिवसातले बहुतेक तास घालावा लागेल,’ असं स्पष्ट सांगून त्यांनी मुंबईला जायला सांगितलं. घरात रडारड झाली. मुलीच्या जातीने असला सांगाडा घालून शाळेत जायचं, हे कुणाच्याच गळी उतरेना. नेमका तेव्हाच नणंदेकडून व्हिडिओ आला: ऑपरेशन नाही, ९० दिवसांत कणा सरळ.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एसी हॉल, पांढरा कोट, भिंतभर सर्टिफिकिटं, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. तिथले सर म्हणाले, ‘ताई, चोवीस तास ब्रेस घालायची पद्धत आता जुनी झाली. आमचा डायनॅमिक ब्रेस चार तास पुरे. बाकीचं काम जर्मन व्यायाम करतो.’ बाहेर पाचसहा पालक बसलेले, प्रत्येकाच्या हातात फाईल. एवढे लोक वेडे असतील का, असंच कुणालाही वाटलं असतं.

तपासणी आणि ‘पोश्चर ॲनालिसिस’ ३,५००. ब्रेस ६२,०००. व्यायामाचं पहिलं पॅकेज ४५,०००, पुढचं ३६,०००. हाडांसाठी म्हणून पावडरी आणि कॅप्सूल ८,४००. छापील बिल फक्त पहिल्या ३,५०० चं आणि पावडरींच्या ८,४०० चं मिळालं. ब्रेसपैकी ४०,००० एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले, २२,००० रोख. पॅकेजचे पैसे सगळे रोख, ‘जीएसटी वाचेल ताई’ म्हणून. सेंटरच्या नावाने खातं नसेल तर तिथल्या तिथे उठा.

आता तो ब्रेस. खरा ब्रेस बनवताना आधी धडाचा प्लास्टरचा साचा घेतात किंवा स्कॅन करतात. बाक ज्या बाजूला फुगलेला असतो तिथे आतून दाब आणि विरुद्ध बाजूला मोकळी जागा ठेवतात, म्हणून तो आतून दोन्ही बाजूंनी सारखा नसतोच. बॉस्टन प्रकारचा ब्रेस घ्या नाहीतर शेनो प्रकारचा, तत्त्व हेच. ब्रेस अंगावर असताना पुन्हा एक्स-रे काढून बाक किती कमी दिसतो ते तपासतात, नाहीतर दाब बरोबर पडतोय की नाही कसं कळणार? आमच्या लेकीची टेपने छाती आणि कंबर मोजली आणि तिसऱ्या दिवशी पट्टा हातात दिला. मागे दोन पट्ट्या, पुढे वेल्क्रो, उजवीडावीकडून अगदी सारखा. पुढे तोच पट्टा मला सर्जिकलच्या दुकानात १,८५० रुपयांना दिसला, एम साईज. आमच्या पट्ट्यावरचं लेबल कापलेलं होतं.

व्यायामाचंही तेच. ते ज्याला जर्मन व्यायाम म्हणत होते ती श्रॉथ पद्धत खरी आहे. काटारीना श्रॉथ या जर्मन बाईंना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. १९२१ मध्ये त्यांनी माइसेन गावात असे रुग्ण घ्यायला सुरुवात केली. त्यात प्रत्येकाच्या बाकाप्रमाणे वेगळी स्थिती आणि वेगळा श्वास शिकवतात. आमच्याकडे छातीचा उजवा बाक असलेली माझी मुलगी, कमरेचा डावा बाक असलेला सांगलीचा एक मुलगा आणि नुसतीच पोक काढून चालणारी दोन मुलं एकाच ओळीत बारला लटकायची आणि एकच भुजंगासन करायची. तुमच्या मुलाचा व्यायाम शेजारच्या मुलासारखाच असेल, तर ते श्रॉथ नाही.

आणि आता ज्या क्षणासाठी मी हे लिहायला बसले तो क्षण. तीन महिन्यांनी दुसरा एक्स-रे त्यांनी स्वतःच्या ओळखीच्या लॅबमध्ये काढायला लावला. रिपोर्ट आला २१ अंश. सेंटरमध्ये पेढे वाटले, लेकीचा फोटो काढला, माझ्याकडून दोन वाक्यं बोलून घेतली, आणि त्याच आनंदात मी दुसऱ्या पॅकेजचे ३६,००० भरले. गाडीत लेक म्हणाली, ‘आई, साताऱ्याला उभं केलं होतं. इथे टेबलावर झोपवून काढला.’ मी म्हणाले, ‘इथलं मशीन वेगळं असेल गं.’

तिथेच सगळं उघडं पडलं होतं. पोरीने ते बोलून दाखवलं होतं. आडवं झोपलं की कण्यावरचा अंगाचा भार जातो आणि बाक आपोआप कमी दिसतो. म्हणून स्कोलिओसिसचा एक्स-रे उभं राहूनच काढायचा असतो, दर वेळी. त्यात दोन वेळच्या मोजणीत पाच अंशांचा फरक नुसता मोजण्यातही पडू शकतो. म्हणजे २७ चे २१ हा काहीच पुरावा नव्हता. पण हे आईबापांना कोण सांगतं? मी बँकेत नोकरी करते, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. तरी एक्स-रे उभ्याने की आडव्याने, हे विचारायचं असतं ते मला कुठून कळणार होतं? त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्याने झोपवलं.

त्यानंतर लेकीची उंची भराभरा वाढली. बाक सगळ्यात वेगाने वाढतो तो याच काळात, आणि त्या काळात ती चार तास वेल्क्रोचा पट्टा लावून बारला लटकत होती. कंबर एका बाजूला आत गेलेली दिसायला लागली तेव्हा आम्ही पुन्हा साताऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. उभ्याने एक्स-रे. ४१ अंश. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते दोन्ही फिल्म शेजारी लावून बघत राहिले. ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं.

आणि मग सुरू झाली कार्यालयांची दारं. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, ‘मुलगी चालते ना? मग फसवणूक कसली? गुण नाही आला म्हणजे गुन्हा होत नाही, सिव्हिल मॅटर आहे.’ कापलेलं लेबल, १,८५० चा पट्टा ६२,००० ला, आडवा एक्स-रे, सगळं समोर मांडलं. त्यांनी तक्रारीची पोच द्यायलाही नकार दिला. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्यांकडे गेले तर हा माणूस डॉक्टरच नाही, म्हणून त्यांचा संबंध नाही. फिजिओथेरपीवाल्यांच्या यादीतही त्याचं नाव नाही, म्हणून त्यांचाही संबंध नाही. आरोग्य खात्यातल्या बाईंनी विचारलं, ‘इंजेक्शन दिलं का? गोळ्या लिहून दिल्या का? नाही ना? मग बोगस डॉक्टरमध्ये बसत नाही.’ म्हणजे नोंदणी असलेल्याने चूक केली तर दाद मागायला जागा आहे. आणि ज्याने नोंदणीच केली नाही त्याला मोकळं रान! सगळ्यांनी मला सांगितलं की ‘तुम्ही आधी चौकशी करायला हवी होती.’ अहो, चौकशी करायला पगार कोणाला मिळतो? रस्त्यावर बोर्ड लावून, बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे फोटो छापून तो राजरोस बसलाय. तो फलक त्या सगळ्या साहेबांना जातायेता दिसतो.

पोलिसांनी घेतलं नाही तर तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). शहरात असाल तर आयुक्तांना. मी पाठवली आहे, उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. ते प्रकरणही दाखल केलंय. यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, रोख दिलेलं सिद्ध करणं अवघड जातं.

नातेवाईक आता म्हणतात, ‘ब्रेसबिस सगळं थोतांड आहे, देवाचं नाव घ्या.’ याचा मला त्या सेंटरइतकाच राग येतो. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के. आणि जी मुलं दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होती त्यांच्यात ते ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे तास महत्त्वाचे. ‘चार तास पुरे’ हे ऐकायला गोड वाटतं, तेवढ्यावरच पैसे काढतात. ब्रेस बाक वाढू नये म्हणून असतो, कणा सरळ करून द्यायला नाही. ‘सरळ करतो’ म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलतोय. ब्रेस बनवणारा ऑर्थोटिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदवलेला असतो, नंबर मागा. मुंबईत हाजी अलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवणारा विभाग आहे. आम्ही आधी तिथे जायला हवं होतं असं सांगणारे आता खूप आहेत, तेव्हा एकानेही हे नाव घेतलं नव्हतं.

लेकीला आता साच्यावरून केलेला ब्रेस आहे. रात्रीही घालून झोपते. किती फायदा होईल ते डॉक्टर सांगत नाहीत, वाढ थोडीच उरली आहे.

ज्यांची मुलं आत्ता अशा ठिकाणी जात आहेत त्यांनी उद्याच फिल्म किंवा सीडी मागून घ्या, नुसता टाईप केलेला रिपोर्ट नको. मुलाला विचारा, उभं केलं होतं की झोपवलं होतं. झोपवलं असेल तर दुसऱ्या लॅबमध्ये उभ्याने काढा आणि दोन्ही घेऊन मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. पुढचा हप्ता थांबवा, त्यांचे फोन आले तरी.