तीन इंची एक्झॉस्टचे पैसे घेतले, पट्टीखाली निघाला जुनाच पाइप

टर्बो गाडीचा एक्झॉस्ट बदलायला निघाला असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. मी पैसे देऊन बसल्यावर शिकलो. अजून राग शांत झालेला नाही, आणि लाज इतकी वाटते की एकूण किती गेले ते घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आधी एक सांगतो, मी काहीच न वाचता गेलो नव्हतो. गाडी २ लिटरची, चार सिलिंडरची, जुनी, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) सांभाळणारी यंत्रणा अगदी साधी. मूळ पाइप बाहेरून ६० मिमी. मला ३०० अश्वशक्तीपर्यंत जायचं होतं. दर अश्वशक्तीला मिनिटाला २.२ घनफूट वायू आणि पाइपाच्या दर चौरस इंचातून ११५ घनफूट, हा ढोबळ हिशोब मी कागदावर मांडला होता. ३०० ला साधारण ५.७ चौरस इंच लागतात. अडीच इंची पाइप आतून जेमतेम साडेचार भरतो, तीन इंची साडेसहा. म्हणजे तीन इंचच हवा. हे मला गॅरेजात पाऊल टाकण्याआधी माहीत होतं.

तरी मी मुद्दाम विचारलं, साडेतीन इंची टाकू का? गॅरेजवाला लगेच म्हणाला, "नको साहेब. तीन इंच पुरे. साडेतीनला मागच्या ॲक्सलवरून न्यायला जागा पुरत नाही, खाली घासतो, वजन वाढतं, गाडीत घुमतं. उगाच पैसे कशाला घालवता?" यातला शब्द न् शब्द खरा आहे. स्वतःहून लहान काम सुचवणारा माणूस फसवेल अशी शंका कोणाला येईल? माझा विश्वास तिथेच बसला. बसावा म्हणूनच तो तसं बोलला, हे आता कळतंय.

एकूण रक्कम १०० धरून सांगतो. डाउनपाइपचे (टर्बोला लागून खाली उतरणारा पहिला तुकडा) २५, तिथून मागच्या टोकापर्यंतच्या पाइपाचे ४५, सायलेन्सरचे १८, डायनोचे (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) १२. त्यातले ६० कार्डावर आगाऊ, ४० गाडी नेताना रोख. बिलावर लिहिलं "एक्झॉस्ट काम, १ नग". व्यास नाही, धातू नाही, लांबी नाही. असं बिल घेऊ नका. बाहेरचा व्यास, पत्र्याची जाडी, कुठून कुठपर्यंत आणि प्रत्येक बाक मँड्रेलवर (आत आधाराचा दांडा घालून) वाकवलेला, एवढं लिहून देत नसेल तर गाडी तिथे सोडू नका. मँड्रेलविना वाकवलेला पाइप बाकावर चेपतो, आणि मग तीन इंच फक्त सरळ भागात उरतात.

आता तो क्षण. तो आठवला की अजून झोप उडते.

गाडी रॅम्पवर वर घेतली होती. समोर डाउनपाइप चकचकीत, व्हर्नियर लावलं, ७६ मिमी, म्हणजे तीन इंच. मागे टोकाशी लावलं, ७६. मधल्या सायलेन्सरच्या मागून ॲक्सलवरून जाणाऱ्या भागावर मात्र उष्णतारोधक पट्टी घट्ट गुंडाळलेली. मी विचारलं, इतक्या मागे पट्टी कशाला? तो म्हणाला, "गॅस गरम राहिला की वेग टिकतो. आणि साहेब, थोडं बॅक प्रेशर टर्बोला लागतंच."

बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला पाइपात होणाऱ्या अडथळ्याचा दाब. तो लागतो हे चूक आहे, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. टर्बाइन (एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारं टर्बोचं चाक) फिरते ती तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी, तितकी ती लवकर फिरते. बिनटर्बोच्या इंजिनात पाइपातल्या वेगाला आणि लहरींना महत्त्व असतं, तिथे फार मोठा पाइप खालची ताकद खातो. टर्बोत त्या लहरी टर्बाइनच मोडून टाकते, तिच्यामागे अडथळ्याचा काहीच फायदा नाही. पट्टीचा उपयोग पुढे, टर्बोजवळ. मागे गॅस थंड होऊन त्याचं आकारमान कमी होतं, म्हणून मागचा पाइप थोडा बारीक असला तरी फार बिघडत नाही, हेही खरं. मी मनात तेवढंच धरलं आणि त्याच्या वाक्याला माझ्याच डोक्यातून आधार शोधून दिला. मी गप्प बसलो. चार माणसं उभी होती, कामगार दमलेले होते, पट्टी सोडा म्हणायला संकोच वाटला. त्या संकोचाची किंमत मी मोजली.

खिशात सुतळी असती तरी पुरे होतं. ७६ मिमीच्या पाइपाचा घेर २३९ मिमी येतो, ६० च्या पाइपाचा १८८. पट्टीचे दोन-तीन थर धरूनही एवढा फरक लपत नाही.

मग त्यांनी डायनोचा कागद दिला. आधी चाकांवर २१२ अश्वशक्ती, नंतर २४१. कागदावर बूस्टची रेघच नव्हती! टर्बो गाडीच्या डायनोच्या कागदावर बूस्ट नसेल तर तो कागद फाडून टाका. पण गाडी घरी नेताना खरोखर पाठीत ढकलल्यासारखी पळत होती. कोणीही फसला असता.

सहा आठवड्यांनी चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनातून खडखड यायला लागली. दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि पाचच मिनिटांत वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवायला जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नळीत बसवलेली छोटी पितळी तोटी दाखवली. त्या तोटीतून थोडा दाब बाहेर सोडला जात होता, त्यामुळे वेस्टगेट उशिरा उघडत होतं आणि बूस्ट ०.८ वरून १.० बारवर गेला होता. बाहेरच्या हवेचा १ बार धरून एकूण दाब १.८ चा २.० झाला, म्हणजे ११ टक्के जास्त हवा. २१२ चे २३५ इथेच झाले. उरलेले सहा डायनोच्या पहिल्या फेरीत गाडीसमोरचा पंखा बंद ठेवून आणि दुसऱ्यात चालू करून सहज मिळतात. पाइपाचा त्यात काहीच हात नव्हता. माझं इंजिन पणाला लावून त्यांनी तो आकडा काढला होता, आणि तोटी तशीच ठेवली होती.

पट्टी कापली. आत माझाच जुना ६० मिमीचा पाइप, ११२ सेंटीमीटर, दोन्ही टोकांना शंकूसारखे तुकडे वेल्ड करून नव्याला जोडलेला. लोहचुंबक टचकन चिकटलं. (चुंबक न चिकटणं म्हणजे चांगलं ३०४ स्टेनलेस स्टील, असंही समजू नका, स्वस्तातल्या २०१ लाही ते चिकटत नाही.) व्यासात १६ मिमीचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण दीड मिमीचा पत्रा धरला तर आतली जागा ७६ च्या पाइपाच्या ६१ टक्केच उरते. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबमापक लावला तेव्हा पूर्ण थ्रॉटलला टर्बाइनमागचा दाब ०.३८ बार आला. खरा तीन इंची पाइप बसवल्यावर ०.११.

दुसऱ्या कामाला ५२ लागले. १०० च्या कामाला १५२. या मिस्त्रीने आधी वेस्टगेट तपासलं, कारण एक्झॉस्ट मोकळा झाला की लहान वेस्टगेटला सगळा गॅस वळवता येत नाही आणि बूस्ट आपोआप चढतो. माझदा आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीच्या मालकांना हा त्रास चांगला माहीत आहे. वेस्टगेट न तपासता पाइप मोठा करायला जो निघेल त्याच्याकडे जाऊ नका. ०.८ बारलाच मोजल्यावर चाकांवर २२६ आले. खोट्या २४१ पेक्षा कमी, पण खरे.

आणि आता दाद मागायला गेलो त्याची गोष्ट. पोलिसांनी विचारलं, "गाडी चालवतच घरी नेली ना? मग फसवणूक कुठे झाली?" तक्रार नाही, अर्ज म्हणून ठेवून घेतला. बँकेने कार्डावरचे ६० परत द्यायला नकार दिला, कारण गाडी ताब्यात घेताना मी सही केली होती. रोख दिलेल्या ४० बद्दल तर बोलूच नका म्हणाले. ग्राहक तक्रार कार्यालयाने सांगितलं, बिलावर व्यास नाही तर तीन इंच ठरले होते कशावरून? फोटो दाखवले, तर फोटोतला पाइप तुमच्याच गाडीचा कशावरून? मिस्त्रीचं पत्र चालत नाही, मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा दाखला हवा. यादीतला पहिला तज्ज्ञ फक्त अपघाती गाड्यांचं मूल्यांकन करतो. दुसरा म्हणाला, गाडी फसवणुकीच्या वेळच्या स्थितीत आणा. खडखडणारं इंजिन तसंच ठेवून महिनोन्‌महिने वाट बघायची होती का मी? वाहन तपासणी कार्यालयात तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत आवाजाची मर्यादा आणि एक्झॉस्टमधला बदल यावर मलाच प्रश्न सुरू झाले, आणि आधी कारवाई तुमच्यावर करावी लागेल असं बजावण्यात आलं. पाच महिने, सात चकरा, तीच कागदपत्रं प्रत्येक खिडकीवर नव्याने. ज्याने पैसे घेतले त्याला एकदाही कोणी बोलावलेलं नाही.

म्हणून जुना पाइप फेकू नका. काम सुरू होण्याआधी त्यावर लोखंडी पंचाने ठोकून खूण करा, काढल्यावर तो मागून घ्या, आणि देत नसतील तर शेवटचे पैसे देऊ नका. मी मागितला होता. "भंगारात गेला साहेब," म्हणाले. तो माझ्याच गाडीखाली होता.

ग्राहक तक्रार कार्यालयातली सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे. तिसऱ्या तारखेला तो ११२ सेंटीमीटरचा तुकडा, पट्टीसकट, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे.