शेफील्डमध्ये एकच संध्याकाळ: फॅट कॅट की केलम आयलंड टॅव्हर्न?

दोन्ही पब एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. फॅट कॅट १९८१चा, पोलाद कारखाने बंद पडत होते तेव्हाचा. १९९०मध्ये त्याने शेजारीच ब्रुअरी काढली. तिची पेल रायडर २००४मध्ये ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. २०२२मध्ये ब्रुअरीच बंद पडली. पेल रायडर आता थॉर्नब्रिज या दुसऱ्या ब्रुअरीकडे.

टॅव्हर्न २००२पर्यंत चक्क पडीक होता. पुढे २००८ आणि २००९, लागोपाठ दोनदा कॅमराचा (पारंपरिक बिअरसाठी झटणारी ब्रिटिश ग्राहक संघटना) राष्ट्रीय पुरस्कार!

रिअल एल, म्हणजे ही पारंपरिक बिअर, पिंपातच आंबत राहते, वरून गॅस भरत नाहीत. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक तुटलं की चव गेलीच. इतिहास हवा तर फॅट कॅट. मी मात्र टॅव्हर्नलाच जाईन, गर्दी असली तरी. (गर्दी असते म्हणूनच.)