पूर्णांक ओव्हरफ्लो: अनोळखी इनपुट वाचायला सी, जावा, गो, रस्ट, स्विफ्ट की पायथन?

एखाद्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की आत १,०७,३७,४१,८२५ नोंदी आहेत. प्रत्येक नोंद ४ बाइटची. प्रोग्रॅम गुणाकार करतो, तेवढी मेमरी मागतो आणि नोंदी वाचायला लागतो. खरं उत्तर ४,२९,४९,६७,३०० बाइट आहे. पण गुणाकार ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये झाला असेल तर तिथे ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढची संख्या मावतच नाही. वरचा बिट गळून पडतो आणि हातात उरतात ४. यालाच पूर्णांक ओव्हरफ्लो म्हणतात. चार बाइटची जागा मिळते, आणि त्या जागेत शंभर कोटींहून जास्त नोंदी भरायला लूप निघतो. फाइल बनवणाऱ्याने तो आकडा विचार करूनच लिहिलेला असतो.

बाहेरून आलेल्या फाइली किंवा नेटवर्कवरचे पॅकेट वाचणारा प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा, हे ठरवताना बहुतेक जण विचारतात: "ही भाषा ओव्हरफ्लो पकडते का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. चुकीचा आकडा तयार झाल्यावर तो मेमरीपर्यंत पोहोचू शकतो का, हेही विचारायला हवं. आणि भाषेसोबत आलेली लायब्ररी, जिच्यावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, ती आतून कशात लिहिली आहे, हेसुद्धा. माझ्या मते खरा निर्णय या शेवटच्या प्रश्नावर होतो, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

सी आणि सी++

इथे दोन वेगळे नियम आहेत. चिन्ह नसलेला पूर्णांक भरला की फिरून शून्यापासून सुरू होतो, आणि हे भाषेने ठरवून दिलेलं आहे. चिन्ह असलेल्या पूर्णांकाचं मात्र काय होईल हे भाषा सांगतच नाही. असं कधी घडणारच नाही, असं धरून चालायची मोकळीक कंपायलरला मिळते. परिणाम असा, की "बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान निघाली तर थांब" अशी आपण प्रामाणिकपणे लिहिलेली तपासणी ऑप्टिमायझर, म्हणजे कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग, अनावश्यक समजून काढून टाकू शकतो. सोर्स कोडमध्ये तपासणी दिसते, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती नसते. कोड तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट अवस्था नाही.

लायब्ररीचा इतिहासही बघा. मेमरी मागवणारं कॅलॉक हे फंक्शन नोंदींची संख्या आणि एका नोंदीचा आकार असे दोन आकडे घेतं आणि गुणाकार स्वतः करतं. म्हणजे तपासणीसाठी याहून योग्य जागा नाही. तरीही २००२ मध्ये उघड झालं, की कॅलॉकच्या कित्येक आवृत्त्या हा गुणाकार न तपासताच करत होत्या. त्याच वर्षी सन आरपीसी या, दुसऱ्या संगणकावरचं फंक्शन बोलावण्याच्या यंत्रणेच्या एक्सडीआर_ॲरे या फंक्शनमध्ये हाच दोष सापडला. ते फंक्शन अनेक कंपन्यांच्या सिस्टिम लायब्ररींत जसंच्या तसं उचललेलं असल्यामुळे एक दोष एकदम सगळीकडे निघाला. दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचमध्येही त्याच वर्षी, लॉगिनच्या वेळी समोरून येणाऱ्या उत्तरांची संख्या न तपासता गुणल्यामुळे तशीच भेग पडली. सी++ मध्ये न्यू वापरून ॲरे मागवताना होणारा गुणाकार जीसीसी कंपायलर ४.८ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, तपासत नव्हता.

लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.२६ आवृत्तीचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. २०१७ च्या या आवृत्तीत ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेलं रीॲलॉक-ॲरे हे फंक्शन समाविष्ट झालं. गुणाकारातला ओव्हरफ्लो पकडणं हेच त्याचं काम. आणि याच आवृत्तीत मेमरी देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनचा वेग वाढवण्यासाठी थ्रेडनिहाय कॅशे आला, त्यात मागितलेल्या आकाराची तपासणी राहून गेली. कमाल मर्यादेच्या जवळचा आकार मागितला की मॅलॉक नकार देण्याऐवजी छोटासा तुकडा हातात ठेवत असे. सीव्हीई या जाहीर सुरक्षादोषांच्या यादीत हा दोष सीव्हीई-२०१७-१७४२६ म्हणून नोंदला गेला. ते लिहिणारी माणसं या क्षेत्रातली जाणकार होती. सी मध्ये प्रत्येक बेरजेची काळजी माणसालाच घ्यावी लागते, आणि जाणकाराचीही एखादी बेरीज सुटते. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी लायब्ररींमध्ये मेमरी देणाऱ्या फंक्शन्सचे असेच पंचवीसहून अधिक दोष बॅडॲलॉक या नावाने जाहीर केले. म्हणजे २००२ चा धडा एकोणीस वर्षांनीही सगळीकडे पोहोचला नव्हता.

जावा, सी-शार्प आणि गो

जावामध्ये पूर्णांक मुकाट्याने फिरतो. २,१४,७४,८३,६४७ मध्ये १ मिळवला की उणे २,१४,७४,८३,६४८ मिळतात, इशारा नाही की एरर नाही. पण त्या आकड्याने ॲरेत हात घालायला गेलात तर रनटाइम अडवतो आणि प्रोग्रॅम एक्सेप्शन देऊन थांबतो. शेजारच्या मेमरीत लिहिलं जात नाही. सी मध्ये जिथे हल्लेखोराच्या हाती यंत्र जाऊ शकतं, तिथे जावामध्ये बहुतेक वेळा फक्त ती विनंती अयशस्वी होते. हा फरक फार मोठा आहे.

म्हणून लायब्ररीतल्या चुका नसतात असं मात्र नाही. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये लिहून दाखवलं, की जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत त्यांनीच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये मधली जागा काढताना होणारी दोन टोकांची बेरीज मोठ्या ॲरेवर ओव्हरफ्लो होते. असंख्य लोकांनी वाचलेला, वर्षानुवर्षं चाललेला तो कोड होता. परिणाम काय, तर एक्सेप्शन. हाच कोड सी मध्ये असता तर ॲरेच्या बाहेरची मेमरी वाचली गेली असती.

जावा ८ पासून मॅथ वर्गात ॲड-एक्झॅक्ट, मल्टिप्लाय-एक्झॅक्ट अशा मेथड आहेत. उत्तर मावलं नाही तर त्या एक्सेप्शन देतात. सी-शार्पमध्ये हेच काम चेक्ड या एका शब्दाने होतं, आणि कंपायलरच्या एका सेटिंगने ते अख्ख्या प्रोजेक्टला लावता येतं. ही सोय मला जावापेक्षा जास्त पटते, कारण प्रत्येक ओळीवर आठवण ठेवावी लागत नाही.

गो भाषाही फिरणारा पूर्णांकच देते आणि ॲरेच्या सीमा तपासते, त्यामुळे मेमरीच्या बाबतीत ती जावाच्या रांगेत बसते. पण तपासून बेरीज करण्याची सोय तिच्यात सर्वांत तोकडी आहे. शिवाय मोठ्या प्रकारातून लहान प्रकारात रूपांतर करताना वरचे बिट आवाज न करता कापले जातात. लांबी ६४ बिटांत वाचून ३२ बिटांत ठेवणारा कोड गोमध्ये दिसला की मी तिथे थांबतो. गोच्या मॅथ-बिग पॅकेजमध्ये २०२२ मध्ये सापडलेल्या ओव्हरफ्लोने (सीव्हीई-२०२२-२३७७२) मेमरी बिघडली नाही, पण ती बेसुमार खाल्ली जाऊ शकत होती. सेवा बंद पाडायला तेवढं पुरतं.

स्विफ्ट आणि रस्ट

स्विफ्टने सरळ भूमिका घेतली आहे. साधी बेरीज ओव्हरफ्लो झाली तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, वापरकर्त्यांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्येसुद्धा. आकडा फिरायलाच हवा असेल, उदाहरणार्थ हॅश (मजकुराचा ठसा म्हणून वापरायचा आकडा) काढताना, तर अधिक चिन्हाआधी अँपरसँड लावून तसं स्पष्ट लिहावं लागतं. वाचणाऱ्यालाही कळतं, की हे मुद्दाम केलंय.

रस्ट इथे लोकांच्या समजुतीपेक्षा थोडी वेगळी आहे. डीबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लो झाला की पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्रॅम थांबतो, पण रिलीज बिल्डमध्ये मूळ सेटिंगनुसार आकडा जावासारखाच फिरतो. प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करता येतात, पण ते आपण करायचं असतं. केलं तरी आधीच कंपाइल होऊन येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीच्या बऱ्याचशा भागाला ते लागू होत नाही.

याची किंमत २०१८ मध्ये दिसली. स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) हव्या तितक्या वेळा जोडून देणाऱ्या रिपीट या फंक्शनमध्ये लांबी आणि संख्या यांचा गुणाकार न तपासता होत होता. गुणाकार फिरला, बफर लहान मिळाला, आणि पुढचा भाग अनसेफ ब्लॉकमध्ये होता, म्हणजे सीमा तपासणारं तिथे कुणीच नव्हतं. बफरच्या बाहेर लिहिलं गेलं. सुरुवातीला दिलेलं सी चं उदाहरण आणि हे, दोन्ही एकाच साच्यातले. १.२६ ते १.२९ या आवृत्त्यांत हा दोष होता आणि १.२९.१ मध्ये तपासलेला गुणाकार घालून तो मिटवला. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं याच कामाचं फंक्शन गुणाकार ओव्हरफ्लो होतोय असं दिसलं की पॅनिक करतं.

तरी मी रस्टच्या बाजूने आहे. कारण इथे शोधायची जागा आधीच ठरलेली असते. अनसेफ ब्लॉक मोजा, त्यांच्यापर्यंत येणारे आकडे तपासा. सी मध्ये संपूर्ण कोडच अनसेफ ब्लॉक असतो.

पायथन, रुबी, पर्ल

पायथन ३ मधला पूर्णांक मेमरी पुरेल तितका मोठा होतो, त्यामुळे तुम्ही पायथनमध्ये लिहिलेल्या साध्या बेरजेत ओव्हरफ्लो नाहीच. इथे अनेकांची काळजी संपते, आणि ती संपायला नको. नेहमीचा पायथन रनटाइम सी मध्ये लिहिलेला आहे. २०१६ मध्ये झिप फाइलमधून मॉड्यूल आणणाऱ्या झिपइम्पोर्टमध्ये, फाइलमध्ये लिहिलेला आकार ऋण ठेवून हीप ओव्हरफ्लो (मागून घेतलेल्या मेमरीच्या बाहेर लिहिणं) करता येत होता. २०२२ मध्ये निकी मूहा यांना एसएचए-३ या हॅश पद्धतीच्या मूळ सी कोडमध्ये ओव्हरफ्लो सापडला. पायथन आणि पीएचपी या दोघांनीही तोच कोड घेतलेला असल्यामुळे दोघांनाही दुरुस्ती करावी लागली. हॅश काढण्याच्या एका ओळीत पायथन वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. रुबीमध्ये २००८ साली ॲरे आणि स्ट्रिंग हाताळणाऱ्या अगदी गाभ्याच्या सी फंक्शन्समध्ये असे दोष एकगठ्ठा निघाले. पर्लमध्ये २०१८ साली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये निघाला.

अमर्याद पूर्णांकाची वेगळी किंमतही आहे. लाखो अंकांची स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला पायथनला लागणारा वेळ अंकांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायचा, आणि त्याचा वापर करून सर्व्हर अडकवता यायचा. म्हणून २०२२ च्या सप्टेंबरपासून पायथनने अशा रूपांतरावर ४,३०० अंकांची मर्यादा घातली. आकडेमोडीची नमपाय लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथले ॲरे ठरावीक बिटांचे असतात आणि फिरताना काही बोलत नाहीत.

मग निवड

नवा पार्सर (फाइल किंवा पॅकेट वाचून अर्थ लावणारा कोड) लिहायचा आहे, वेगही हवा आहे: रस्ट घ्या, पहिल्याच दिवशी रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक लांबीवर चेक्ड_मल, चेक्ड_ॲड वापरा. ॲपलच्या उपकरणांसाठीच असेल तर स्विफ्टमध्ये यातलं बरंचसं न मागता मिळतं. सर्व्हरवरची सेवा असेल आणि टीमला जावा किंवा सी-शार्प येत असेल, तर फक्त ओव्हरफ्लोच्या भीतीने भाषा बदलू नका. पैसे, नग आणि मर्यादा यांचे हिशेब एक्झॅक्ट मेथडनी किंवा चेक्डमध्ये करा. तिथला धोका मेमरीचा कमी आणि ऋण निघालेल्या रकमेचा जास्त असतो. पायथन निवडलं तर रनटाइम आणि सी मधली पॅकेजेस अद्ययावत ठेवणं हेच मुख्य संरक्षण. अनोळखी फाइल उघडणारं काम वेगळ्या, कमी अधिकारांच्या प्रोसेसमध्ये ठेवलं तर आणखी चांगलं.

आणि सी मधला जुना कोड ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना तो पुन्हा लिहिण्याचा सल्ला मी देणार नाही. सी२३ मध्ये तपासून बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करणारी सीकेडी कुटुंबातली साधनं आली आहेत, आणि जीसीसीमध्ये ५ व्या आवृत्तीपासून त्याच कामाची बिल्ट-इन फंक्शन्स आहेत. सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणारी कंपायलरची तपासणी, तोही वापरा. अँड्रॉइडने मीडिया फाइली वाचणाऱ्या स्टेजफ्राइट लायब्ररीतल्या २०१५ च्या दोषांनंतर मीडियाच्या कोडमध्ये पूर्णांक ओव्हरफ्लोचा सॅनिटायझर प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या फोनवर चालू ठेवला. मात्र चिन्ह असलेल्या पूर्णांकांचा सॅनिटायझर मेमरीच्या आकारांना हात लावत नाही, कारण आकार चिन्ह नसलेल्या प्रकारात असतात. त्यासाठी क्लँग या कंपायलरमध्ये वेगळा पर्याय आहे आणि तो स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. सुरुवात करायला जागा हवी असेल तर मॅलॉक आणि रीॲलॉकच्या कंसात गुणाकाराचं चिन्ह कुठे कुठे आहे ते शोधा, आणि त्यातही जिथे एक आकडा फाइलमधून किंवा नेटवर्कवरून येतो त्या ओळी सर्वांत आधी घ्या.