मूळ फाइली मागणारा क्लोन की स्वतःच्या चित्रांचा?

जुन्या व्यावसायिक संगणक-खेळाचा क्लोन, म्हणजे त्याच धर्तीचा नवा खेळ, लिहून तो विनामूल्य वाटायचा असेल, तर कॉपीराइटच्या दृष्टीने विचार करण्याजोगे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फक्त इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने लिहायचे आणि चित्रे, ध्वनी, नकाशे खेळाडूने स्वतःच्या मूळ प्रतीतून घ्यायचे. रोलरकोस्टर टायकून २ चा ओपनआरसीटी२ आणि मॉरोविंडचा ओपनएमडब्ल्यू हे प्रकल्प असे चालतात. दुसऱ्यात नियम तेवढे घ्यायचे आणि बाकी सारे स्वतः घडवायचे, जसे सिव्हिलायझेशन या खेळावरून घेतलेल्या फ्रीसिव्हने केले. पैसे घेतले नाहीत म्हणजे कॉपीराइटचा भंग होत नाही, हा समज वाचकाने आधीच सोडला असेल असे मी धरून चालतो.

रेल्वे चालवण्याच्या एका जुन्या खेळाचा क्लोन मी दोन्ही मार्गांनी करून पाहिला. पहिल्या मार्गात चित्रकाराची गरज पडत नाही आणि खेळ हुबेहूब मुळासारखा वाटतो. कायदेशीर प्रत वापरताना प्रोग्रॅमचे काम पाहून त्यामागची तत्त्वे अभ्यासण्याची मुभा भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ देते. मीही खेळून, वहीत नोंदी करूनच सारे लिहिले. मात्र मूळ प्रोग्रॅम उलगडून त्यावरून कोड तयार केला असेल, तर चित्रे न वाटताही अडचण येऊ शकते. ग्रँड थेफ्ट ऑटो ३ वर आधारलेल्या आरई३ प्रकल्पाला मूळ खेळाच्या फाइली लागत असत, तरीही त्या खेळाची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो काढायला लावला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या कर्त्यांवर दावा दाखल केला.

माझा निर्णय मात्र खटल्याच्या भीतीने झाला नाही, तो रोजच्या पत्रांनी झाला. मूळ खेळाची विक्री केव्हाच थांबलेली, त्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी लिहायचे की खेळ सुरूच होत नाही. फाइली कुठून आणि कशा घ्यायच्या हे समजावले की पुढचे पत्र ठरलेले असायचे: "दादा, सीडी कुठेच मिळत नाही, तुमच्याकडच्या फाइली पाठवाल का?" ही विनंती एका शाळकरी मुलाने इतक्या आर्जवाने केली होती की नकार लिहिताना मला खरोखर वाईट वाटले, पण त्या फाइली पाठवणे म्हणजे जे टाळण्यासाठी हा मार्ग निवडला तेच करणे होते. इतर खेळाडू माझ्याच पानावर बेकायदा प्रतींचे दुवे देऊ लागले आणि ते पुसण्यात माझ्या संध्याकाळी जाऊ लागल्या. माझा कोड स्वच्छ असूनही लोकांना चोरीच्या प्रतीकडे नेणारी वाट मीच तयार केली आहे, हे मला सहन होईना. ओपनटीटीडी २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यालाही ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सच्या फाइली लागत. पुढे मुक्त परवान्याची, म्हणजे कोणालाही वापरता आणि वाटता येणारी, चित्रे आणि ध्वनी तयार झाल्यावर ती गरज संपली. त्यांच्या या वाटचालीमुळे मलाही धीर आला.

दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो. डबे आणि स्थानके माझ्या भाचीने काढून दिली. ती घरचीच असली तरी चित्रांचा हक्क तिचा, म्हणून तिच्याकडून लेखी परवाना घेतला. चित्रे स्वतःची असली तरी ती मुळाशी किती मिळतीजुळती आहेत हा प्रश्न राहतोच. आम्ही केवळ नियम घेतले, असे टेट्रिसच्या खटल्यात त्याचा क्लोन काढणाऱ्या झिओ कंपनीचे म्हणणे होते. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते मानले नाही आणि तुकड्यांचे रूप, तसेच दहा बाय वीस चौकटींचा पट हीसुद्धा संरक्षित अभिव्यक्ती, म्हणजे कल्पनेला दिलेले विशिष्ट रूप, ठरवली. उलट १९८८ च्या कराटे खेळाच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितले की त्या क्रीडाप्रकारातूनच येणारे साम्य ही नक्कल नव्हे. कल्पना मोकळी असते, अभिव्यक्ती नसते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद या नाटककाराच्या प्रकरणात मांडले आहे. म्हणून मी दोन्ही खेळांचे पडदे शेजारी ठेवून पाहिले: रूळ आणि सिग्नल रेल्वेतूनच येतात, ते ठेवले, बटणांची रचना आणि इमारतींची घडण बदलली. नावही वेगळे घेतले, कारण ट्रेडमार्कचा प्रश्न निराळा असतो.

मूळ खेळ आजही सहज विकत मिळत असेल आणि कोड स्वतंत्रपणे लिहिलेला असेल, तर पहिला मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आमची चित्रे अजून मुळाइतकी देखणी झालेली नाहीत, पण फाइली मागणारे पत्र मला गेल्या वर्षभरात आलेले नाही.