ढोल-ताशा की सायट्रान्स?
पावसाळ्यात नदीपात्रात ढोल पथकांचा सराव सुरू झाला की मला हमखास सायट्रान्स हे वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत आठवतं. दोन्हींत तंद्री लागते ती न थांबणाऱ्या ठेक्यानं.

ढोलाचा टोल थेट छातीत बसतो, वर ताशा तडतडतो, आणि घामानं भिजलेले वादक समोर दिसतात. ते दमले की लय किंचित हलते. तो जिवंतपणा मला फार प्रिय आहे.

सायट्रान्स दमत नाही. मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके, आणि बहुतेकदा दर ठोक्यामागे बेसचे तीन झपझप स्वर. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर १९९०च्या आसपास घडत गेलेल्या गोवा ट्रान्समधून आलेलं हे संगीत अजून टिकलंय, ते माझ्या मते त्याच्या सावकाशीमुळे. ठेका तोच, पण वरचा सूर सात-आठ मिनिटं इतका हळू उलगडतो की बदल कधी झाला ते कळत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात तासभर एकच राग ऐकणाऱ्या पुणेकराला हा संयम नवा नाही.

मिरवणुकीत ढोलच हवा; त्याचं रेकॉर्डिंग मला कधी पुरलं नाही. रात्री एकट्यानं, दिवे मालवून, हेडफोनवर मात्र सायट्रान्स.